जिवंतपणी ‘दिवंगत’

मी शिवणकाम करते, मांपोंगच्या बाजारात, मोठ्या रस्त्याला लागून. माझं निम्मं पोट मेलेल्या माणसांवर चालतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून मला कुणी शहाणपण शिकवायला नको. शनिवारी अंत्यविधी असला की सोमवारपासून माझ्याकडे लाल-काळ्या कापडांचे गठ्ठे येऊन पडतात. माझ्या भिंतीला भिंत लागून यॉ असुबोन्तेंगचं दुकान होतं. तो त्याच अंत्यविधींची पोस्टरं छापायचा. गिऱ्हाईक त्याच्या दारातून निघालं की माझ्या दारात. एकवीस वर्षं आमचं असं चाललं होतं.

यॉसारखा पोस्टरवाला आमच्या भागात दुसरा नव्हता. माणूस रडत आत आला तरी हा पहिला प्रश्न विचारणार, “वय किती?” कारण वयावर मथळा ठरतो. पंचेचाळीसच्या आतला असेल तर ‘केवढा हा धक्का’. सत्तरीच्या पुढचा असेल तर ‘कृतार्थ जीवन’. मधल्यांना ‘देवाघरचं बोलावणं’. मग फोटो. जन्मभर कोकोच्या बागेत उघड्यानं राबलेल्या म्हाताऱ्याला हा संगणकावर कोट चढवायचा, टाय बांधायचा, दात बसवायचा. घरचे बघून म्हणायचे, “हे आमचेच का हो?” तर हा म्हणायचा, “आता झाले तुमचे.” छापायच्या आधी नावांची यादी उलटी वाचायचा, शेवटच्या नातवापासून वर. सरळ वाचलं की डोळा चुका गिळतो म्हणे. त्यानं छापलेल्या पोस्टरात नाव चुकलंय असं एकवीस वर्षांत कुणी दाखवलं नाही. पुढचं सगळं घडलं ते याच माणसाच्या हातून, म्हणून सांगतेय.

त्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा त्यानं तीन महिने कुणाला कळू दिलं नाही. बाटलीतला कडू काढा पीत राहिला. मग कूस दुखायला लागली, खोकला लागला, विजार कमरेत सैल झाली. विजार आवळून घ्यायला माझ्याकडे आला तेव्हा मला कळलं. त्याची बायको फेलिसिया पाव भाजून विकायची, गरीब गाय. तिला मी म्हटलं, “फेली, याला कुमासीच्या मोठ्या इस्पितळात ने, नाहीतर मी फरफटत नेते.” शेवटी तिघंही गेलो. मी भांडते म्हणून लोक मला इस्पितळात बरोबर नेतात.

मूत्रपिंडात गाठ निघाली आणि तिची पिल्लं फुप्फुसात. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण गोलगोल बोलली नाही.

“दोन रस्ते आहेत,” ती म्हणाली. “एक गोळी आहे. महिन्याला हजार-बाराशे सेडी. ती रोगाला काही महिने धरून ठेवते. मग बहुतेकांचा रोग सुटतो.”

“आणि दुसरा?” यॉनं विचारलं.

“दोन औषधं एकत्र, सलाईनमधून. तीन आठवड्यांनी एकदा, अशा चार खेपा. ती शरीरातलेच शिपाई जागे करतात. शंभरातल्या चाळीसेक जणांच्या गाठी लहान होतात. दहाएकांच्या तर दिसतसुद्धा नाहीत. ज्यांना लागू पडतं त्यातले बरेचजण वर्षानुवर्षं जगतात.”

“उरलेले साठ?”

“त्यांना विशेष उपयोग होत नाही. काहींचं शरीर उलट स्वतःवरच उठतं. तुम्ही चाळीसांत की साठांत, ते आधी कळत नाही.”

“एका खेपेचे किती?”

“नव्वद हजार.”

फेलीनं तोंडावर अंगावरच्या कापडाचं टोक धरलं. मी सरकारी विम्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला हातही लावला नाही. स्तनाचा कॅन्सर कार्डात बसतो, मूत्रपिंडाचा बसत नाही, म्हणाली.

“का? मूत्रपिंड काय उसनं आणलंय?” मी विचारलं.

तिनं समजावलं, तिचा दोष नव्हता. म्हणाली, औषध यादीत घ्यायचं की नाही याचा हिशोब असतो. त्या औषधानं माणसाचं एक वर्ष वाढवायला किती खर्च येतो ते बघतात, आणि इथला माणूस वर्षाला सरासरी किती कमावतो त्याच्याशी ताडून बघतात. खर्च त्याच्या किती तरी पट निघाला की औषध परवडत नाही असं ठरतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आमचं वर्ष आमच्या कमाईच्या मापानं मोजायचं. आम्ही गरीब, म्हणून आमचं वर्ष स्वस्त. औषधाची किंमत मात्र श्रीमंतांच्या देशात ठरलेली, ती काही आमच्या मापानं खाली येत नाही. हा कुठल्या गावचा न्याय? मी हे सगळं तिला ऐकवलं. ती म्हणाली, “मावशी, मी रोज ऐकते.”

परत येताना गाडीत यॉ खिडकीबाहेर बघत होता. मध्येच म्हणाला, “अदवोआ, चोपन्न वय. ना ‘केवढा हा धक्का’, ना ‘कृतार्थ जीवन’. मधल्यांचा फोटोही लहान असतो.”

“तोंड आवर तुझं,” मी म्हटलं.

त्यानं मोठं छपाई यंत्र विकलं, जुनी पिकअप विकली, आणि फेलीनं तिच्या बापानं दिलेला जमिनीचा तुकडा. दोन खेपा झाल्या, दोन्हींचे पैसे फेलीनं इस्पितळाच्या खिडकीवर मोजून भरले. दुसरीनंतर अंगाला पुरळ उठलं, खाज सुटली, पण खोकला थांबला. एक दिवस मी बघते तर हा फुफूचा, कुटलेल्या कंदाच्या गोळ्याचा, वाडगा पुढ्यात घेऊन बसलेला आणि रश्श्यातलं हाड चोखतोय. फेली चुलीपाशी उभी राहून रडत होती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा छातीचा फोटो काढला. गाठी लहान झाल्या होत्या. सगळ्यात मोठी तर निम्म्यावर आली होती. “तुम्ही चाळीसांत दिसताय,” ती म्हणाली. अजून दोन खेपा हव्या होत्या. विकायला पावाच्या भट्टीशिवाय काही उरलं नव्हतं.

मग यॉ कुळाकडे गेला. आमच्यात माणूस आईच्या कुळाचा असतो. बायको-पोरं त्याची, पण तो कुळाचा. मेल्यावर मढंही कुळाचं. कुळाचा म्होरक्या म्हणजे त्याच्या आईचा भाऊ, आजेकुम मामा. कुळाचं घर तेव्हा रंगवायला काढलं होतं, कारण यॉची थोरली मावशी सेर्वा एक्याण्णव वर्षांची होऊन वारली होती. तिला जाऊन तीन महिने झाले होते, पण अंत्यविधी व्हायचा होता. मुलगे हॅम्बुर्गहून यायचे, घर रंगायचं, अंगणात फरशी बसायची. तोवर ती शवागाराच्या बर्फात होती, दिवसाचं भाडं भरून.

बैठकीत मीही होते, मागच्या बाकावर. कुळाची नाही, पण बारशापासून बाराव्यापर्यंत कपडे मीच शिवते, मला कोण उठवणार. यॉनं उभं राहून सांगितलं. औषध लागू पडलंय, दोन खेपा राहिल्यात, कुळाच्या पेटीतून मदत द्या. काठीला टेकून उभा होता.

मामा म्हणाला, “भाच्या, बस. पेटी अंत्यविधीची आहे.”

“मग माझ्या अंत्यविधीचं आत्ता द्या. मेल्यावर काही नको. लिहून देतो.”

बायकांनी कानांवर हात ठेवले. अभद्र बोलतो म्हणाल्या. मामा मात्र शांत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

“ऐक,” मामा म्हणाला. “माझा सख्खा धाकटा भाऊ आजारी पडला, तेव्हा आम्ही कोकोची बाग विकली. तरी तो गेला. बागही गेली. अंत्यविधीला मंडप घालायला पैसे नव्हते, आणि अख्खं मांपोंग आम्हाला हसलं. तेव्हापासून मी ठरवलंय. आजारी माणूस दहादा आजारी पडतो, मरतो एकदाच. पेटीला एकदाच झेपतं.”

“मामा, सेर्वा मावशीच्या अंत्यविधीनं तिचे किती महिने वाढतील?”

“काय?”

“डॉक्टर विचारतात तसं विचारतो. या खर्चानं किती महिने वाढतील?”

आमच्यात म्हणच आहे, कुळाची माया मढ्यावर. सगळ्यांना पाठ आहे, हसत हसत म्हणतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही, पण पेटीही उघडली नाही. वर मामानं यॉलाच सांगितलं की मावशीचं पोस्टर तू छाप, मोठ्या आकारात, चारशे प्रती, कुळाच्या माणसाला भाव कमी लाव.

तुम्हाला वाटेल यॉनं नाही म्हणावं. मला तर वाटलंच होतं. त्यानं भाड्याच्या यंत्रावर छापलं. मावशीला सोन्याचे कानातले घातले, मथळा ‘कृतार्थ जीवन’, खाली नेहमीसारखी यादी. मुलगे, सुना, नातवंडं, भाचे. यादीत जे आधीच गेलेत त्यांच्या नावाआधी ‘दिवंगत’ लावतात. यॉनं यादी उलटी वाचली, मी शेजारच्या दारातून बघत होते. सोमवारी चारशे पोस्टरं गावभर लागली. बाजाराच्या कमानीवर, चर्चच्या भिंतीवर, शवागाराच्या फाटकावर. भाच्यांच्या ओळीत तिसरं नाव होतं, दिवंगत यॉ असुबोन्तेंग.

दुपारपर्यंत मामा दुकानात हजर, मागे चार माणसं.

“हे काय छापलंस?”

“यादी,” यॉ म्हणाला.

“तू जिवंत आहेस.”

“थोडं अगोदर छापलं, एवढंच.”

“अरे, लोक काय म्हणतील?”

“तेच तर बघायचंय मला. मेल्यावर बघायला मिळत नाही.”

मामानं हात जोडले. खरंच जोडले, मी पाहिलं. “चूक झाली म्हणून सांग सगळीकडे. परत छाप, खर्च देतो.”

“कितीचा खर्च देता?”

“चारशे पोस्टरांचा जो होईल तो.”

“एक लाख ऐंशी हजार.”

मामा निघून गेला. आमच्यात मेलेल्या माणसाच्या घरी हात हलवत जात नाहीत. मंगळवारपासून लोक यॉच्या घरी यायला लागले. काळे कपडे, हातात पाकिटं, चेहरे पाडलेले. आणि समोर बघतात तर यॉ ओट्यावर बसून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा खातोय. कुणी किंचाळून पळालं. कुणी शिव्या दिल्या. कोको तोलणाऱ्या एका म्हाताऱ्यानं पाकीट पुढे केलं, मागे घेतलं, परत पुढे केलं. म्हणाला, “तुझ्यासाठीच आणलं होतं ना, घे. तुझ्या तोंडानं आभार मान म्हणजे झालं.” यॉनं उठून आभार मानले. काहींनी मात्र पाकीट खिशात घातलं आणि सरळ तोंडावर सांगितलं, “मेल्यावर आणतो.” ही असली माणसं. त्यांच्या बायकांचे कपडे मी शिवते.

नऊ दिवसांत एकेचाळीस हजार जमले. माझ्याकडचे पाच घातले. पाचच घातले. त्याच महिन्यात सेर्वा मावशीच्या अंत्यविधीच्या शिलाईत मला अकरा हजार मिळाले होते, आणि उरलेल्या सहांतून मी नवीन शिवणयंत्राचा हप्ता भरला. लोकांना नावं ठेवायला माझी जीभ कशी चुरुचुरु चालते, पण हे मलाही चुकलेलं नाही. उरलेले जमवता जमवता फेलीची पावाची भट्टी गेली. तिसरी खेप मिळाली ती सात आठवडे उशिरा. चौथीपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

डिसेंबरात वाळवंटावरचा कोरडा वारा सुटला, धूळ आली, आणि खोकला परत आला. सगळे म्हणाले धुळीचा आहे. मीही म्हणाले. फोटोत गाठी वाढलेल्या निघाल्या, आणि एक नवी यकृतात. मी डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, “चार खेपा वेळेवर झाल्या असत्या तर वाचला असता ना?”

“नक्की सांगता येत नाही,” ती म्हणाली. “काहींचा रोग सगळी औषधं घेऊनही परततो. काहींना दोन खेपाही पुरतात.”

“तरी?”

“तरी मी त्यांना चौथी दिली असती.”

या ‘नक्की’चं मला काय करायचंय ते सांगा. मंडप घालताना कुणी नक्की विचारत नाही. शवागाराचं भाडं भरताना कुणी म्हणत नाही, शंभरातल्या किती जणांना उपयोग होतो. जिवंत माणसासाठी मागितलं की सगळ्यांना हमी हवी, आकडे हवेत, पुरावा हवा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यॉ गेला, सकाळी, फेली गरम पाणी आणायला उठली तेवढ्यात. शेवटचे दोन दिवस तो बोलत नव्हता.

मला वाटलं कुळ आता तोंड लपवेल. कसलं काय. त्या पोस्टरावरून गावात इतकी छी-थू झाली होती की आता कुळाला दाखवून द्यायचं होतं. यॉ शवागारात गेला. अंगणात नवी फरशी तयारच होती. हॅम्बुर्गच्या मावसभावांनी पैसे पाठवले, वाजंत्री कुमासीहून ठरली, तीन मंडप, बसून जेवण. मामानं चर्चमध्ये सांगितलं की भाच्यानं कुळाचा अपमान केला, पण कुळानं त्याला क्षमा केली आहे. लोकांनी मान डोलावली. फेलीला कुणी काही विचारलं नाही. तिनं आमच्या रीतीप्रमाणे मढं कुळाच्या स्वाधीन केलं आणि घरात बसून राहिली.

मग मामा माझ्याकडे आला. बासष्ट माणसांचे लाल-काळे कपडे, एकाच कापडाचे, कापड माझंच. अंत्यविधीच्या गुरुवारपर्यंत हवेत, म्हणाला.

कापडासकट एकेकाचे सहाशे धरले तर अडतीस हजारांच्या वर जात नाही. लहान पोरांनासुद्धा हे कळतं. पण माझं डोकं फिरलं होतं. मला त्या म्हाताऱ्याला एकदा तरी नाही म्हणताना बघायचं होतं. एकदा तरी त्यानं म्हणावं, परवडत नाही, पेटीत नाही. मी मापाची पट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “नव्वद हजार होतील.”

मामानं चष्मा कपाळावर सरकवला. मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखं नीट बघितलं. मी वाट बघत होते.

“जास्त आहेत,” तो म्हणाला.

“आहेत.”

“असू दे. आपला माणूस होता. पैशावरून अडलं असं उद्या कुणी म्हणायला नको.”

त्यानं झग्याच्या घडीतून पुडकं काढलं आणि तिथल्या तिथे मोजून दिले. सगळे, रोख. थुंकी लावून नोटा मोजताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्यानं खोटं रडावं एवढीच माझी अपेक्षा होती, तेवढंही त्यानं केलं नाही.

बासष्ट कपडे मी वेळेत दिले. कापड माझ्या गल्ल्यातून घेतलं. पैशांचं पुडकं तसंच्या तसं फेलीच्या घरी नेलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. ती काळ्या कपड्यात जमिनीवर बसली होती.

“किती आहेत?” तिनं विचारलं.

“नव्वद.”

तिला लगेच कळलं. कुमासीच्या त्या खोलीत तोच आकडा ऐकून तिनं तोंड झाकलं होतं. आता झाकलं नाही. पुडकं उचलून दोन्ही हातांत धरलं.

“अदवोआ,” ती म्हणाली, “हे घेऊन आता मी कुठल्या खिडकीवर जाऊ?”